मोठ्या काचेवरची छाया
(नरसी नामदेव येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय ऐकून काही मंडळींस नवल वाटले असेल. ज्या भूमीत श्रीनामदेवरायांचा जन्म शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० मध्ये, झाला असे परंपरा सांगते, त्या नरसीस येऊन मनुष्याने अभंगावर बोलावे, कीर्तनावर बोलावे. लाकडी कॅमेरा आणि काळे कापड यांचे येथे काय काम, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेलच. तूर्त इतकेच सांगतो की, या विषयाचा संबंध आपल्या कात्री-सुईशी आहे, तसाच तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा तसबिरीच्या मागे धूळ खात पडलेल्या एका ठेव्याशी आहे. तो ठेवा दर वर्षी थोडा थोडा नाहीसा होत आहे, आणि त्यासाठीच आज आपला वेळ घेण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

प्रथम मोठा कॅमेरा म्हणजे काय, ते सांगू. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. त्यापूर्वी बरीच वर्षे पस्तीस मिलिमीटरची गुंडाळीची फिल्म प्रचारात होती. तिच्यावरील एक चित्र पोस्टाच्या मोठ्याशा तिकिटाएवढे असे. मोठ्या कॅमेऱ्यात मात्र गुंडाळी नसते. एका वेळी एकच काच किंवा एकच सुटी फिल्म त्यात घालावयाची, आणि तिचा आकार चार इंच गुणिले पाच इंच, किंवा त्याहून मोठा. जुन्या स्टुडिओंतून ‘हाफ प्लेट’ हा आकार फार चाले. तो पावणेपाच इंच गुणिले साडेसहा इंच. ‘फुल प्लेट’ साडेसहा गुणिले साडेआठ इंचांची. हिशेब केला तर चार-पाच इंचांच्या फिल्मचे क्षेत्र पस्तीस मिलिमीटरच्या चित्राच्या सुमारे पंधरा पट भरते, आणि हाफ प्लेटचे सुमारे तेवीस पट. एवढ्या जागेवर छाया पडल्यामुळे फेट्याचा पीळ, नथीतील मोती, सदऱ्यावरील टाका न् टाका स्वच्छ उमटतो. आजोबांच्या जुन्या फोटोवर भिंग धरून पाहिले तर अंगरख्याची शिवण मोजता येते, ती याच कारणाने.

यंत्राची रचना म्हणाल तर अगदी साधी. पुढे भिंग, मागे दुधी काच, आणि दोहोंच्या मध्ये बाजाच्या पेटीस असतो तसा घडीचा भाता. हे सारे तीन पायांच्या तिवईवर बसवावयाचे. छायाचित्रकाराने डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर पाहावयाचे, भाता मागेपुढे करून चित्र स्पष्ट करावयाचे. नंतर भिंग झाकून दुधी काचेच्या जागी फिल्मची सपाट पेटी सरकवावयाची, तिची झडप काढावयाची आणि ठरवलेला वेळ प्रकाश आत घ्यावयाचा. दुधी काचेवर चित्र उलटे दिसते. शिखर खाली, पायरी वर, आणि उजव्याचे डावे. औंढ्याचे देऊळ नामदेवरायांसाठी फिरले, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. कॅमेऱ्याच्या काचेवर ते देऊळ अक्षरशः उलटे फिरलेले दिसते तेव्हा शेजारी उभी असलेली मुले टाळ्या पिटतात, असा आमचा अनुभव आहे.

ही विद्या आपल्या देशात फार लवकर आली. फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत इ. स. १८३९ मध्ये जाहीर झाली, आणि १८५४ मध्ये मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचे नाव त्या काळच्या छायाचित्रकारांत आदराने घेतले जाते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार त्याच पिढीतले. त्या वेळी आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत चालत असे. काचेवर द्रव ओतावयाचा, ती ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच धुवावयाची. म्हणजे अंधारी खोली तंबूच्या रूपाने छायाचित्रकाराबरोबर रानोमाळ हिंडे. डॉ. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली, तेव्हापासून हा तंबू सुटला, आणि पुढे गावोगावच्या मनुष्यास हा धंदा करणे शक्य झाले.

आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे थोर छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे चरित्र धंदेवाईक मनुष्याने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८४४ मध्ये सरधना येथे जन्मलेला हा गृहस्थ इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर होता. १८७४ च्या सुमारास तो छायाचित्रण शिकला, १८८५ मध्ये सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला, आणि पुढे ‘राजा’ ही पदवी पावला. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेस स्त्रीच्याच देखरेखीखाली चालणारा स्वतंत्र स्टुडिओही त्यांनी १८९२ मध्ये काढला. १९०५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या २,८५७ मूळ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या, म्हणून त्या आज सुरक्षित आहेत. राजाच्या काचा सरकारने राखल्या. पण तालुक्याच्या गावी आपल्या आजोबा-पणजोबांची छाया ज्या काचांवर उतरली, त्या कोणी राखाव्यात? हा प्रश्न मनात असू द्यावा.

दादासाहेब फाळके यांचा उल्लेखही येथे केला पाहिजे. चित्रपटाचा उद्योग आरंभण्यापूर्वी ते बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले होते, गोध्र्यास त्यांनी फोटोचा धंदा केला होता आणि पुराणवस्तू खात्यातही काम केले होते. १९१३ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्रा’च्या पाठीशी काचेवरील छायेची ही दीर्घ तपश्चर्या उभी होती.

आता आपल्या धंद्याकडे वळू. या यंत्रात सुतार आहे, पितळेचे काम करणारा तांबट आहे, भिंग घासणारा कारागीर आहे. तसाच शिंपीही आहे. केरळातील आलप्पुळा या गावी के. करुणाकरन यांनी १९४० नंतरच्या दशकात ‘वागीश्वरी’ या नावाने सागवानी लाकडाचे व पितळी जोडांचे कॅमेरे करण्यास आरंभ केला, आणि ते देशभर विकले गेले. त्यांच्या घरी वाद्यदुरुस्तीचा धंदा होता. एका छायाचित्रकाराचा फाटलेला भाता नीट करून देण्याच्या निमित्ताने त्यांचा कॅमेऱ्याशी संबंध आला. पेटीचा भाता नीट करणारा हात कॅमेऱ्याचाही भाता करू शकतो, हे त्यांनी ओळखले. कोणतेही हस्तकौशल्य आपल्या मूळ धंद्यापुरते मर्यादित नसते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

काळ्या कापडाचेच पाहा. परदेशी बनावटीची तयार कापडे महाग मिळतात. आम्ही आमचे कापड येथील आपल्याच एका बंधूकडून शिवून घेतले. लांबी-रुंदी सुमारे दीड वार, आतून काळा दाट सुती कपडा, बाहेरून पांढरा मांजरपाट. मराठवाड्याच्या उन्हात बाहेरूनही काळे कापड डोक्यावर घेतले तर मनुष्य दहा मिनिटांत घामाघूम होतो. पांढऱ्या अस्तराने ऊन परतते. वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांच्या दुमडीत वजनाचे तुकडे घालून ती शिवून टाकली. फिल्म भरण्याच्या पिशवीचे काम याहून नाजूक. ती दुहेरी शिवावी लागते आणि दोन्ही बाह्यांना दुहेरी रबर लावावे लागते. आम्ही कापड दाखवताच त्या बंधूंनी आपण होऊन सुचवले की, आतल्या पिशवीची शिवण बाहेरच्या शिवणीवर येऊ देऊ नये. कारण सुईच्या प्रत्येक छिद्रातून उजेड शिरणार. छायाचित्रणाचे एकही पुस्तक न वाचलेल्या मनुष्याने हातातील कापड पाहून ही गोष्ट सांगितली. ती पिशवी आजतागायत उजेडास दाद देत नाही.

या यंत्राचा खरा गुण समजावा म्हणून औंढा नागनाथाचे उदाहरण देतो. विसोबा खेचर आणि नामदेवराय यांच्या भेटीमुळे ते स्थान आपणांस पूज्य आहे. देवळाचे खालचे अंग यादवकालीन काळ्या पाषाणाचे, मूर्तींनी खच्चून भरलेले. वरचे शिखर नंतरच्या काळातील आणि पांढऱ्या रंगाचे. साध्या कॅमेऱ्याने शिखर टिपण्यासाठी मान वर केली की देऊळ मागे कलंडल्यासारखे दिसते. मोठ्या कॅमेऱ्यात मागची काच ओळंब्यात सरळ ठेवून फक्त पुढचे भिंग वर सरकवता येते. त्यामुळे शिखरही चित्रात येते आणि भिंतीही सरळ राहतात. तसेच भिंग किंचित पुढे झुकवले तर पायाशी असलेल्या फरशीपासून दूरच्या दारापर्यंत सारे एकदम स्पष्ट करता येते. हा नियम ऑस्ट्रियाचे शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, १९०४ मध्ये, तो आपल्या पेटंटात मांडला.

दुसरी अडचण उजेडाची. दगड काळा आणि शिखर पांढरे. दगडातील मूर्ती दिसाव्यात इतका वेळ दिला तर शिखर कोऱ्या कागदासारखे होते. येथे जुन्या लोकांचा नियम उपयोगी पडतो: वेळ सावलीकडे पाहून द्यावा, आणि औषधात धुण्याचा काळ उजेडाकडे पाहून ठरवावा. अमेरिकेचे ॲन्सेल ॲडम्स यांनी या नियमास शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले. प्रत्येक फिल्म सुटी असल्यामुळे प्रत्येकीस तिच्या प्रकृतीप्रमाणे धुता येते. गुंडाळीत छत्तीस चित्रांना एकच माप. येथे प्रत्येकास स्वतंत्र माप. तयार कपडा आणि शिवलेला कपडा यांतील भेद ज्यास कळतो, त्यास हे अधिक सांगावयास नको.

कयाधूच्या काठी पहाटे घेतलेल्या चित्राचा अनुभव वेगळा. त्या वेळी उजेड मंद असतो, आणि सारे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. मोजणीत दहा सेकंद आले तर प्रत्यक्षात, फिल्मच्या जातीप्रमाणे, दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वेळ द्यावा लागतो. कारण मंद उजेडात फिल्म आळसावते. तेवढ्या वेळात पाणी धुक्यासारखे मऊ उमटते, काठावरचे दगड मात्र खडे राहतात. पालखीची गर्दी या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. त्यासाठी लहान कॅमेराच योग्य. जे स्थिर राहू शकते, किंवा आपल्यासाठी स्थिर राहावयास तयार होते, तेच याचे क्षेत्र होय.

यावरून माणसांच्या चित्रांकडे येतो. येथे ओसरीवर यंत्र मांडून आयुष्यभर शिवण केलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांचे चित्र आम्ही घेतले. तिवई उभी राहताच त्यांनी विचारले, “मापाला उभं राहावं तसं उभं राहायचं का?” आम्ही म्हटले, “नाही बाबा, तुम्ही माप घेता तसे बसा.” त्यावर ते हसले, आत जाऊन कोट घालून आले, गळ्यात टेप अडकवला आणि यंत्रापाशी बसले. ओसरीच्या सावलीत अर्धा सेकंद स्थिर बसावे लागणार होते. “किती काढणार?” त्यांनी विचारले. “दोन,” आम्ही उत्तर दिले. एक आधी धुवावयाची, तिच्यात काही कमीअधिक आढळले तर दुसरी त्याप्रमाणे धुवावयाची, असा आमचा शिरस्ता आहे. “दोनच? मग नीट बसतो,” असे म्हणून त्यांनी दोन्ही हात यंत्राच्या फळीवर ठेवले. ते हात त्या चित्रात असे उमटले आहेत की, अंगठ्यावरील कात्रीचा घट्टा ओळखू येतो. मोबाईलवर दिवसाला शंभर चित्रे निघतात; त्यांपैकी एखाद्यासाठी तरी कोणी आत जाऊन कोट घालून येतो काय?

पूर्वीच्या छायाचित्रांतील मंडळी गंभीर का दिसतात, असे मुले विचारतात. कारण हेच. अगदी जुन्या काळी कित्येक सेकंद हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. हसू तेवढा वेळ टिकत नाही. टिकते ती माणसाची बैठक.

आता साहित्य आणि अंधारी खोली यांविषयी दोन शब्द, कारण तरुणांपैकी कोणास हौस वाटली तर मार्ग ठाऊक असावा. सुट्या फिल्मा आजही इंग्लंडात इल्फर्ड, अमेरिकेत कोडॅक आणि चेक देशात फोमा या नावांनी तयार होतात. एका फिल्मची किंमत चांगल्या जेवणाच्या ताटाहून कमी नसते. म्हणून शिकणाऱ्याने दवाखान्यात वापरतात ती क्ष-किरणांची फिल्म कापून वापरावी. ती पुष्कळ स्वस्त पडते. तिला तांबडा उजेड कळत नाही, त्यामुळे तांबड्या दिव्याखाली डोळ्यांनी पाहून काम करता येते. मात्र तिच्या दोन्ही बाजूंस लेप असतो आणि ओली असताना तो नखानेही खरवडतो. तेव्हा ताटलीत एका वेळी एकच फिल्म ठेवावी आणि तळाशी गुळगुळीत काच घालावी. चांगल्या फिल्मच्या कडेस खाचा असतात. गडद अंधारात त्या वरच्या बाजूस उजव्या कोपऱ्यात बोटास लागल्या की लेपाची बाजू आपल्याकडे आहे असे समजावे.

औषधे घरीही करता येतात. एक लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम मेटॉल आणि शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट, एवढ्यावर एक जुने विश्वासू औषध तयार होते. आधी मेटॉल विरघळवावे, मग सल्फाइट. हातांत रबरी मोजे घालावेत, भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावीत. परदेशी पुस्तके वीस अंश उष्णतेचे पाणी सांगतात. वैशाखात हिंगोलीकडे नळास येणारे पाणी याहून कितीतरी उष्ण असते, आणि उष्ण पाण्यात लेप मऊ होऊन सुटतो. यावर माठाचे पाणी आणि रात्रीची वेळ हाच उपाय. पाणी चोवीस अंशांवर आणता आले तर धुण्याचा काळ त्या मानाने कमी करून काम नीट होते.

सज्जनहो, आता मुख्य मुद्द्यावर येतो. अगदी जुन्या काचांना फक्त निळा आणि जांभळा उजेड कळे. जर्मनीचे फोगेल यांनी १८७३ मध्ये रंग मिसळून तिला हिरवा-पिवळा उजेड ओळखावयास लावले; तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या काचा १९०६ नंतर बाजारात आल्या, आणि लहान गावांत तर जुन्या जातीच्या काचा पुढेही पुष्कळ वर्षे चालल्या. तांबडा उजेड ज्या काचेस कळत नाही, तिच्यावर तांबडी वस्तू काळी उमटते. म्हणून जुन्या फोटोत सुवासिनीच्या कपाळीचे कुंकू काळे दिसते, भगवी पताका काळसर दिसते आणि निळे आकाश कोरे दिसते.

याचा प्रत्यय आम्हांस आपल्याच समाजातील एका घरी आला. त्या घरी हाफ प्लेटची एक काच होती. लग्नातील समूह, अकरा माणसे. काचेवरून आम्ही नवी प्रत काढून दिली, तेव्हा घरातील तरुण मंडळी कुजबुजू लागली की, नवरीशेजारी बसलेल्या बाईंनी मंगलकार्यात काळे लुगडे का बरे नेसावे? काहींनी त्यावरून तर्कही बांधले. कोपऱ्यात बसलेल्या वृद्ध मातोश्रींनी प्रत हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि त्या म्हणाल्या, “काळं कुठलं? लालभडक होतं ते. माझ्या आत्याचं. तिच्या भावानं घेतलं होतं.” काचेचा धर्म आणि मातोश्रींची आठवण यांची साक्ष जुळली, आणि एका दिवंगत स्त्रीविषयीचा अकारण संशय मिटला.

त्या दिवशी मातोश्रींनी अकरांपैकी आठ नावे सांगितली. उरलेल्या तिघांची नावे आठवून ठेवते, असे त्या म्हणाल्या होत्या. पुढील वर्षी आम्ही गेलो तेव्हा त्या नव्हत्या. ती तीन माणसे आजही त्या चित्रात स्वच्छ दिसतात. एकाच्या हातातील काठीची मूठसुद्धा मोजता येते. पण ती कोण, हे सांगणारे आता कोणी नाही. आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक कापडास आपण गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी लावतो. चिठ्ठी सुटली तर उत्तमातला उत्तम कपडाही बेवारस होतो. कपड्यांच्या बाबतीत ही दक्षता पिढ्यान्‌पिढ्या बाळगणाऱ्या समाजाने आपल्या वडिलांच्या छायेस चिठ्ठी लावू नये, हे शोभणारे नव्हे.

जर्मनीचे ऑगस्ट सांडर हे छायाचित्रकार आपल्या देशातील शेतकरी, कारागीर, विद्यार्थी अशा सर्व थरांतील माणसांची चित्रे मोठ्या काचांवर घेत आणि त्यांची धंदेवार वर्गवारी करीत. त्यांच्या हजारो काचा १९४६ मध्ये तळघरातील आगीत नष्ट झाल्या. तथापि जे वाचले, त्यावरून एका सबंध समाजाचे रूप आज कळते. आपल्याकडे आग लागत नाही. आपल्याकडे घर बदलताना, वाटण्या होताना, दुकान बंद होताना काचा भंगारात जातात, किंवा लेप खरवडून तसबिरींना वापरल्या जातात. आगीपेक्षा ही हानी मंद आहे, म्हणूनच ती ध्यानात येत नाही.

सबब प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. काच कडेने धरावी. लेपाच्या बाजूस, म्हणजे जी कमी चमकते त्या बाजूस, बोट, पाणी वा फडके लावू नये. प्रत्येक काच आम्ल नसलेल्या कागदाच्या स्वतंत्र पाकिटात ठेवावी. पाकिटावर पेन्सिलीने आधी लिहावे, मग काच आत घालावी. काचा एकीवर एक न रचता लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून पेटी दूर असावी. तडकलेल्या काचेस चिकटपट्टी लावू नये; दोन पुठ्ठ्यांमध्ये तशीच ठेवावी. फिल्मला आंबूस वास येत असेल तर ती खराब होऊ लागली आहे असे समजून इतरांपासून वेगळी करावी आणि तिची प्रत लवकर करून घ्यावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही फिल्मा नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेतात, म्हणून अशा जुन्या फिल्मा दिव्याजवळ, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नयेत.

प्रत काढण्यास मोठे साहित्य नको. पांढऱ्या उजेडाचा सपाट पडदा खाली ठेवावा, त्याच्यापासून काच थोडी वर उचलून धरता येईल असे दोन लाकडी ठोकळे लावावेत आणि वरून सरळ मोबाईलने चित्र घ्यावे. उलट्या छायेची सुलट छाया मोबाईलच करून देतो. हे काम घरातील दहावीतील मुलगी एका सुटीच्या दिवशी करू शकेल. परंतु त्याच बैठकीत घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस शेजारी बसवावे आणि चार प्रश्न विचारून लिहून घ्यावे: हे कोण, हे कोठे, हे केव्हा, आणि हे सांगितले कोणी. काच शंभर वर्षे टिकेल. सांगणारा टिकत नाही. म्हणून नावे आधी, प्रती नंतर, हा क्रम चुकवू नये.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, संमेलनाच्या या दोन दिवसांत यंत्र येथेच ओसरीवर उभे आहे. समाजातील जी वयोवृद्ध मंडळी आली आहेत, त्यांनी कृपा करून पाच-दहा मिनिटे द्यावीत. प्रत्येकाच्या दोन फिल्मा घेऊ. एक प्रत त्यांच्या घरी जाईल, एक समाजाच्या दप्तरी राहील, आणि दोहोंच्या पाठीवर नाव, गाव, धंदा आणि सांगणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहिलेले असेल. ज्यांच्या घरी जुन्या काचा आहेत, त्यांनी त्या प्रवासात आणू नयेत. आम्हीच घरी येऊ. येताना आमच्याजवळ पाकिटे आणि पेन्सिली असतील. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांस मात्र आजच निरोप धाडावा, की जुनी पेटी खाली काढून ठेवा आणि आठवतील ती नावे आताच कोणाजवळ तरी सांगून ठेवा.



रामकृष्णहरि.